स्विफ्ट डिझेलसाठी जुनं इंजिन घ्यायचंय, गाडीतून उतरवलेलं इंजिन तपासायचं कसं?

तासगावचे मास्तर:

नमस्कार मंडळी. गाडी स्विफ्ट व्हीडीआय, २०१२ची, एमएच-१० पासिंग. मी कवठेमहांकाळ तालुक्यात शाळेवर आहे, तासगावहून रोज जाऊन-येऊन करतो. गेल्या महिन्यात मणेराजुरीच्या अलीकडे पावसात रस्त्यातला धोंडा दिसला नाही आणि तो इंजिनाखालच्या ऑइल चेंबरला लागला. लाल दिवा लागला, गाडी कडेला घेईपर्यंत इंजिन खडखडायला लागलं आणि बंद पडलं. टोचन करून तासगावला आणली.

गॅरेजमध्ये खोलून दाखवलं. दोन नंबरच्या कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग जागेवर फिरलंय, क्रँकवर (पिस्टन फिरवतात त्या दांड्यावर) नख अडकेल एवढे चरे पडलेत, वर कॅमशाफ्टच्या बैठकीवरही ओरखडे आहेत. फिटर म्हणतो, बांधत बसण्यापेक्षा जुनं इंजिन आणून टाकू.

दोन ठिकाणी चौकशी केली. पुण्यातलं इंजिन ४२ हजारांना, गिअरबॉक्स नाही, 'फक्त साठ हजार किलोमीटर चाललेलं'. फोटोत एकदम चकाचक दिसतंय. दुसरं सांगलीतच शंभर फुटी रोडच्या बाजूला, ३० हजारांना, गिअरबॉक्स, टर्बो, वायरिंग सगळं लागलेलं. गाडी मागून ठोकली होती, इंजिनाला काही झालेलं नाही असं सांगतात. शेडमध्ये बरेच दिवस पडून आहे.

दोघेही म्हणतात, इंजिन उतरवलेलं आहे, चालू करून दाखवता येणार नाही. पुण्यावाला वर असंही म्हणतो, चालू नाही झालं तर सात दिवसांत बदलून देतो. माझा फिटर सोबत यायला तयार आहे, पण त्याचं म्हणणं 'बघितल्यावर कळतंय'. मी मराठी शिकवतो, गाडीतलं मला हवा भरण्यापुरतंच कळतं. त्याला कळतंय की नाही हे मला कसं कळणार? काय उघडून बघायला सांगू, काय विचारू?


साताऱ्याचा अजिंक्य:

मास्तर, इंजिनाच्या आधी एक हिशेब करा. २०१२ची गाडी म्हणजे २०२७ मध्ये पंधरा वर्षं भरतात. पुढं चालवायची तर आरटीओत पासिंग करून नोंदणी वाढवून घ्यावी लागते, पर्यावरण कर भरावा लागतो. इंजिन ४२ हजार धरलं तरी उतरवणं-बसवणं, क्लच, चेन, ऑइल, कुलंट धरून आकडा बराच वर जाईल. बॉडी सडलेली नसेल तरच यात पडा.

आणि क्रँक मशीन शॉपमध्ये मोजून घेतला का? नख अडकतंय हे मान्य, पण मायक्रोमीटरचा आकडा हातात असल्याशिवाय 'बांधण्यात अर्थ नाही' हे मला पटत नाही.


मिरजेचा मेस्त्री:

अजिंक्य भाऊ, क्रँक मोजायचं बरोबर आहे. पण ऑइलविना कॅमची बैठक ओरबाडली असेल तर हेडपण गेलं. म्हणजे क्रँक, बेअरिंग, हेड, कदाचित टर्बोसुद्धा. मास्तरांचा फिटर इथं चूक नाही.

गुरुजी, किलोमीटरचा आकडा आधी डोक्यातून काढून टाका. मीटर डॅशबोर्डवर असतो, इंजिनावर नसतो. मारुतीनं डिझेल गाड्या एप्रिल २०२०पासून बंद केल्या, म्हणजे बाजारातलं सगळ्यात तरुण इंजिनसुद्धा त्याच्या आधीचं. आणि डिझेल गाडी कोणी घरात झाकून ठेवायला घेत नाही. खरंच साठ हजारांत गाडी कटिंगला (भंगारात सुटी करायला) आली असेल तर एक तर जबर ठोकली असेल, नाहीतर पाण्यात गेली असेल. किती चाललं ते सोडा. कुठल्या गाडीचं, ती कशानं थांबली आणि थांबल्यावर इंजिन कुठं पडून होतं, हे तीन प्रश्न विचारा. उत्तर काहीही येवो, शेवटी चेंबर उघडू देतो का एवढंच बघायचं.

पाण्याचं पहिलं सांगतो, कारण आपण कृष्णाकाठी राहतो. ऑगस्ट २०१९ला सांगलीच्या आयर्विन पुलाला पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५. २०२१च्या जुलैत परत तेच. गावभाग, मारुती चौक इथल्या किती गाड्या बुडाल्या ते सगळ्यांनी बघितलंय. विमा कंपन्यांनी टोटल लॉस लावला, गाड्या लिलावात गेल्या, काही परत रस्त्यावर आल्या, काही सुट्या होऊन विकल्या गेल्या. असं इंजिन डिझेलनं धुतलं की वरून काही ओळखू येत नाही. पण पुराचा गाळ बारीक असतो, धुणाऱ्याचा हात पोचत नाही तिथं तो बसतो. डायनॅमोच्या जाळीतून आत टॉर्च मारा. वायरिंगचे कपलर ओढून पिना बघा, हिरवट किंवा पांढरी बुरशी दिसली की संपलं. सेल्फ (स्टार्टर मोटर) सोडून त्या भोकातून बेलहाउसिंगच्या (क्लच झाकणाऱ्या कवचाच्या) आत बघा, क्लचच्या मागं वाळलेली माती कोणी पुसत नाही. ब्रॅकेटच्या मागच्या बाजूला आडोशाला असलेले बोल्ट बघा.

चालू इंजिनानं पाणी ओढलं असेल तर दुसरी भानगड. पाणी दाबलं जात नाही, मग पिस्टन वर येताना कनेक्टिंग रॉड वाकतो. थोडासाच वाकला तर इंजिन हातानं फिरतं, चालूसुद्धा होतं, आणि काही महिन्यांनी रॉड ब्लॉक फोडून बाहेर येतो. हे पकडायची साधी युक्ती आहे. इंजेक्टर काढायला लावा. एक आणि चार नंबर एकदम वर येतात, दोन आणि तीन एकदम. पिस्टन पूर्ण वर आणून इंजेक्टरच्या भोकातून सरळ सळई टेकवा आणि खूण करा. चारही खुणा एका ठिकाणी आल्या पाहिजेत. एक पिस्टन खाली राहिला तर तिथला रॉड वाकलाय, पुढं काही बघायची गरज नाही. परत बसवताना इंजेक्टरखालचा तांब्याचा वायसर नवा टाकायचा, ते पैसे तुम्ही द्या, त्यावरून घासाघीस नको. त्याच भोकातून मोबाइलला जोडायचा बारीक कॅमेरा आत सोडा. बोअरवर (पिस्टन वर-खाली होतो त्या नळीच्या भिंतीवर) उभे ओरखडे आहेत का, गंजाचं कडं आहे का, दोन्ही दिसतं.

चालू करता येत नाही म्हणतात त्यात पुण्यावाला खोटं बोलत नाही. बहुतेक पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांना सेल्फ गिअरबॉक्सच्या बेलहाउसिंगला बसतो, गिअरबॉक्स नाही तर सेल्फ कुठं लावणार? सांगलीवाल्याचं तसं नाही. त्याच्याकडं गिअरबॉक्स आहे, सेल्फ आहे. चालू नसेल होत, पण बॅटरी लावून सेल्फ मारता येतो आणि कॉम्प्रेशन (पिस्टन हवा किती दाबतो ते) घेता येतं. गेज डिझेलचाच पाहिजे. पेट्रोलचं कॉम्प्रेशन १५०-२०० पीएसआय असतं, डिझेलचं ३०० ते ५००, पेट्रोलचा गेज लावला तर गेज फुटेल. नुसत्या मोठ्या आकड्यावर भाळू नका, चारही आकडे एकमेकांच्या १० टक्क्यांच्या आत आले पाहिजेत. एखादा कमी आला तर त्यात थोडं ऑइल सोडून परत घ्या. आकडा चढला तर रिंगा, नाही चढला तर व्हॉल्व्ह. पण ऑइल चमचाभरच, डिझेलमध्ये वर जागा फार कमी असते, जास्त ओतलं तर खोटा आकडा येतो आणि वर इंजिनाला धोका.

पुण्याच्या इंजिनाला हवेची टेस्ट करायची. हीटर प्लगच्या भोकाला ॲडॉप्टर लावून कॉम्प्रेसरची हवा सोडायची. तो पिस्टन बरोबर वर पाहिजे, दोन्ही व्हॉल्व्ह बंद, आणि क्रँक फिरणार नाही असा अडकवलेला, नाहीतर हवेनं क्रँक झटक्यात फिरतो आणि पाना हातावर बसतो. मग कान लावायचा. इनटेककडून फुसफुस आली तर इनटेक व्हॉल्व्ह, टर्बोकडून आली तर एक्झॉस्ट. ऑइलच्या झाकणातून आली तर रिंगा. थंड इंजिनात रिंगांतून थोडी येणारच, त्याला भिऊ नका, एकाच सिलिंडरला जोरात येते का ते बघा. पाण्याचा मार्ग भरून ठेवला आणि तिथं बुडबुडे आले तर हेड गॅस्केट किंवा हेडला तडा.

आता चेंबर. तो उघडायचाच. विकणारा कुरकुरणार, म्हणणार कंपनीचं सील आहे. सील म्हणजे सिलिकॉन, दुसरं काही नाही. 'सिलिकॉन आणि मजुरी माझी' म्हणायचं. आत डांबरासारखा गाळ असेल तर मालकानं ऑइल वेळेवर बदललेलं नाही, आणि या इंजिनाची टायमिंग चेन आणि टर्बो दोन्ही ऑइलवर जगतात. सक्शनच्या जाळीत चमकणारी चुरी असेल तर उठून चहा प्यायला जायचं. चुरी नसेल तर एका रॉडची टोपी काढून बेअरिंगची वाटी हातात घ्या. एकसारखी राखाडी असेल तर उत्तम, तांबूस दिसायला लागली असेल तर ती संपली. टोपी ज्या रॉडची त्यालाच, त्याच बाजूनं, टॉर्क पान्यानं. तुमच्या फिटरकडं टॉर्क पाना आहे का विचारा. 'हाताचा अंदाज आहे' असं उत्तर आलं तर त्याला कळतंय की नाही हे तुम्हाला कळलं.

फोटोतल्या चकाचक इंजिनाचं मला कौतुक नाही. तेलकट धूळ बसलेलं इंजिन बरं, कुठून गळतंय ते तरी दिसतं. नवीन सिलिकॉन कुठं दिसतो, हेडच्या बोल्टवर पान्याच्या ताज्या खुणा आहेत का, ते बघा. ऑइल कॅपच्या आत लोण्यासारखा पांढरट थर म्हणजे ऑइलमध्ये पाणी. वेल्श प्लग (ब्लॉकच्या बाजूची पत्र्याची बुचं) गंजलेले असतील तर कुलंटऐवजी बोअरवेलचं पाणी घालून चालवलेली गाडी.

नंबर बघा. ब्लॉकवर पंच केलेला मारुतीचा नंबर डी१३ए या अक्षरांनी सुरू होतो. हेच फियाटचं १२४८ सीसीचं इंजिन पुंटोत आहे, इंडिका व्हिस्टात क्वाड्राजेट नावानं आहे. बाहेरून भाऊ-भाऊ दिसतात, पण माउंटिंग, चेंबर, टर्बो, सेन्सर एकमेकाला बसतीलच असं नाही, आणि आरटीओत नंबर वेगळाच निघतो. तुमच्या आरसीवर धुराचा निकष बीएस ३ आहे का ४ तेही वाचा. पुणे, मुंबई, सोलापूर अशा मोजक्या शहरांत बीएस ४ २०१०लाच आलं, बाकी ठिकाणी ते टप्प्याटप्प्यानं येत २०१७ला देशभर झालं, तोवर बऱ्याच ठिकाणी बीएस ३ चालत होतं. म्हणून पुण्याचं इंजिन आणि तुमची गाडी वेगळ्या असू शकतात. जुनं आणि नवं शेजारी ठेवून कपलर, इजीआर (थोडा धूर परत इंजिनात फिरवणारा व्हॉल्व्ह), सेन्सर मोजून घ्या. तुमचा ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर) आणि चावी तुमचीच ठेवा. इंजेक्टर त्यांचे वापरलेत तर त्यांच्यावरचे कोड स्कॅनरनं ईसीएममध्ये भरून घ्या, नाहीतर आयडलला थरथरत राहील आणि तुम्ही इंजिनाला शिव्या घालाल.

आणि हे ध्यानात ठेवा. तुमच्या मेलेल्या इंजिनाचा टर्बो आणि ऑइल कूलर नव्याला लावू देऊ नका. बेअरिंगची चुरी त्यातून फिरलेली आहे. म्हणून पुण्यावाल्याला विचारा, ४२ हजारांत टर्बो आहे का? असेल तर त्याचा दांडा बोटानं हलवून बघा. बाजूला किंचित हलला तर चालतो, आत-बाहेर अजिबात हलता कामा नये.

सात दिवसांची गॅरंटी बिलावर 'बसवल्यापासून' अशी लिहून घ्या. इंजिन आणून, साफ करून, बसवेपर्यंतच सात दिवस जातात.


कऱ्हाडच्या वकीलताई:

मेस्त्री, तुमचा प्रतिसाद सेव्ह करून ठेवला. कागदाचं मी सांगते, कारण ते सगळ्यात शेवटी आठवतं.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२प्रमाणे इंजिन बदलणं हा गाडीतला बदल आहे. आधी आरटीओची परवानगी घ्या, आणि बदल केल्यावर १४ दिवसांत आरसीसह कळवून नवा इंजिन नंबर चढवून घ्या. कर्ज चालू असेल तर बँकेचं ना हरकत पत्र लागेल. विमा कंपनीलाही कळवून पॉलिसीवर नोंद करून घ्या. आरसीवर एक नंबर आणि ब्लॉकवर दुसरा अशी गाडी अपघातात सापडली की दावा अडकवायला आयतं कारण मिळतं. २०२७ला पासिंगला जाल तेव्हाही इंजिन नंबर तपासतात.

ज्या गाडीचं इंजिन आहे तिच्या आरसीची प्रत मागा. गाडी कायमची मोडीत निघाली तर कलम ५५प्रमाणे मालकानं १४ दिवसांत कळवून नोंदणी रद्द करायची असते, तो कागदही मागा. इंजिन नंबर चोरीच्या गाडीचा तर नाही ना, हे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 'वाहन समन्वय' सेवेवर बघता येतं. पंच केलेल्या नंबरवर घासल्याच्या खुणा असतील तर कितीही स्वस्त असलं तरी हात लावू नका. चोरीचा माल घेतल्याचा खुलासा करत फिरणं ४२ हजारांपेक्षा महाग पडतं.

बिल जीएसटीचं, त्यावर इंजिन नंबर पूर्ण लिहिलेला. 'जुने पार्ट' एवढंच लिहिलेली पावती आरटीओच्या खिडकीवर चालत नाही.


तासगावचे मास्तर:

सगळ्यांचे आभार. शाळा सुटल्यावर सांगलीचं इंजिन बघून आलो. फिटरकडं टॉर्क पाना आहे, मेस्त्री, एवढं बरं झालं.

हातानं फिरवलं, फिरलं, पण एका जागी जरा जड लागत होतं. भाच्याचा कॅमेरा इंजेक्टरच्या भोकातून सोडला. एक, दोन, चार स्वच्छ. तीन नंबरच्या बोअरवर मध्यावर तपकिरी कडं दिसलं. सेल्फ सोडून बेलहाउसिंगमध्ये टॉर्च मारला तर खालच्या बाजूला वाळलेली बारीक माती. शेडवाला म्हणाला, 'धूळ आहे ओ, शेडला दार नाही.' आरसीची प्रत मागितली तर 'नंतर देतो, मालक पुण्याला असतो'. चेंबर उघडायला नाही म्हणाला. २५ हजारांपर्यंत खाली यायला तयार आहे. बाकी तीन सिलिंडर चांगले आहेत, तर या भावात एक बोअर करून घेतलं तर?

पुण्यावाल्यानं मात्र चेंबर उघडून वाटीचा फोटो पाठवला. राखाडी आहे, एक-दोन बारीक रेघा आहेत, तांबूस नाही. टर्बो आहे म्हणतो. त्या गाडीची नोंदणी रद्द झाल्याचा कागदही पाठवला.


मिरजेचा मेस्त्री:

गुरुजी, सांगलीचं सोडून द्या. शेडची धूळ बेलहाउसिंगच्या आत जाऊन थर करत नाही. तीन नंबरलाच कडं का, तर इंजिन जिथं थांबलं तिथं त्या सिलिंडरचे व्हॉल्व्ह उघडे राहिले असणार, पाणी तिथून आत जाऊन पडून राहिलं. बाकी तिघांत तेवढं पाणी गेलं नसणार म्हणून ते वाचले. पण ते वरचं झालं, खाली चेंबरमध्ये, क्रँकच्या बेअरिंगमध्ये, गिअरबॉक्समध्ये पाणी सगळीकडं सारखंच गेलं. एक बोअर करून काय होणार? गिअरबॉक्ससाठी म्हणूनसुद्धा घेऊ नका, तुमचा गिअरबॉक्स चांगला आहे.

पुण्याचं मला बरं वाटतंय. बारीक रेघा चालतात. क्रँकचा मागचा ऑइल सील, वॉटर पंप, चेन किट आणि क्लच प्लेट हे चार इंजिन बाहेर आहे तोवरच बदलून घ्या, नंतर त्यासाठी परत बरंच काही उतरवावं लागेल. तेवढ्यासाठी तीन-चार हजार कमी करायला सांगा, सांगितलं की करतात. पण पैसे द्यायच्या आधी फिटरला घेऊन स्वतः जा, कॉम्प्रेसर आणि ॲडॉप्टर त्यांच्याकडं आहे का ते फोनवरच विचारून. वाटीचा फोटो कुठल्या इंजिनाचा आहे हे फोटोवरून कळत नाही. तिथं दुसरी वाटी तुमच्यासमोर काढायला लावा, आणि चारही इंजेक्टरच्या भोकांतून सळईची खूण.

टेम्पोत आणताना टायरवर उभं ठेवून चारी बाजूंनी बांधा. टर्बोवर किंवा चेंबरवर वजन येऊ देऊ नका, सगळी भोकं टेप लावून बंद करा, कापूस कोंबू नका. आणि कापूरहोळला जेवायला थांबलात तर कोणीतरी एक टेम्पोपाशी राहा.